बेल वाजण्याआधी: पशुवैद्य घरी येणार असतील तर

मांजर कॅरियर दिसताच गायब होतं, म्हणून डॉक्टरांनाच घरी बोलावलं. डॉक्टर आले, मांजर दिवाणाखाली गेलं आणि ते निघून जाईपर्यंत तिथेच बसलं. व्हिजिटचे पैसे मात्र द्यावे लागले. ही तक्रार वाचकांकडून वरचेवर येते. सोबत ठरलेले प्रश्नही असतात: आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? आंघोळ घालून तयार ठेवायचं का? डॉक्टरांऐवजी त्यांचा मदतनीसच आला तर इंजेक्शन देऊ द्यायचं का? १९६२ ला फोन केला तर कुत्र्याच्या लसीसाठी गाडी येते का?

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. घरी आलेल्या डॉक्टरांकडे बहुधा अर्धा तास असतो. त्यातला किती वेळ तपासणीत जाईल आणि किती पकडापकडीत, हे तुमच्या तयारीवर ठरतं.

आधी ठरवा: घरी की थेट दवाखान्यात?

डॉक्टरांच्या बॅगेत स्टेथोस्कोप, थर्मामीटर, इंजेक्शनं, सलाईन, ड्रेसिंगचं सामान आणि रक्त घ्यायच्या नळ्या असतात. एक्स-रे, ऑक्सिजन आणि ऑपरेशनची सोय त्यात मावत नाही. मोठ्या शहरांत काही जणांकडे टेबल बसवलेली व्हॅन असते, पण तिच्यात नेमकं काय आहे हे फोनवरच विचारून घ्या.

लसीकरण, जंताचं औषध, नखं कापणं, कान तपासणं, रक्ताचा नमुना, ड्रेसिंग, टाके काढणं ही कामं घरी उत्तम होतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा, कंबर धरलेला म्हातारा लॅब्रेडॉर असेल तर घरची व्हिजिट हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र पुढच्या परिस्थितीत घरी डॉक्टरांची वाट पाहत बसू नका. फोन करून निघा:

- बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, ओरडतो, पण थेंबही येत नाही.
- मोठ्या छातीच्या कुत्र्याचं (जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन) पोट अचानक फुगलं आहे, तो ओकायला बघतो पण काही पडत नाही.
- मांजर तोंड उघडून धापा टाकतं आहे, किंवा कोणत्याही प्राण्याच्या हिरड्या पांढऱ्या वा निळसर दिसताहेत.
- झटका पाच मिनिटांत थांबत नाही, किंवा एकामागून एक झटके येताहेत.
- उंदराचं औषध खाल्लं, साप चावला, गाडीची धडक बसली, गॅलरीतून पडलं.
- नसबंदी न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांनी मलूल झाली आहे, सारखं पाणी पिते आहे, मागून पू येतो आहे.
- उन्हाने कुत्रा कोसळला आहे. अंगावर साधं पाणी ओतत आणि वारा घालतच त्याला न्यायचं.

पहिल्या मुद्द्यावर थोडं थांबू, कारण तिथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो. बोका लिटर ट्रेमध्ये जोर करताना दिसला की घरचे बद्धकोष्ठ समजतात आणि एरंडेल शोधू लागतात. खरं तर त्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. तसं असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो, आणि उपाय म्हणजे नळी घालून मार्ग मोकळा करणं. ते दिवाणखान्यात होत नाही. 'संध्याकाळी डॉक्टर येणारच आहेत' या भरवशावर सकाळ घालवू नका.

फोनवर सगळं ऐकून डॉक्टर "घेऊनच या" म्हणाले, तर त्यांना यायचा कंटाळा आला असा अर्थ काढू नका.

येणारी व्यक्ती कोण?

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यच करू शकतो. त्यासाठी बी.व्ही.एससी. अँड ए.एच. ही पदवी आणि राज्याच्या पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते. महाराष्ट्राच्या परिषदेचं कार्यालय नागपूरला आहे. नोंदणी क्रमांक विचारणं हा अपमान नाही. नीट काम करणारे डॉक्टर तो चिठ्ठीवर आणि शिक्क्यात छापतातच.

गावाकडे पशुधन पर्यवेक्षक असतात. नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली काही किरकोळ सेवा देण्याची मुभा कायद्यात आहे, पण निदान करून औषधोपचार ठरवणं हे पशुवैद्याचं काम. शहरात पाळीव प्राण्यांच्या दुकानातला पोऱ्या किंवा केस कापायला येणारा मुलगा 'लसपण टोचून देतो, दोनशे कमी द्या' म्हणतो, त्याला सरळ नाही म्हणा. त्याने दिलेल्या लसीच्या कार्डावर पशुवैद्याची सही नसते आणि ते कार्ड महापालिकेच्या परवान्याला चालत नाही. सुई चुकीच्या जागी बसली किंवा रिअॅक्शन आली तर तो काय करणार, हे त्यालाच विचारून पाहा.

१९६२ हा क्रमांक शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा आहे आणि फोन मोफत आहे. गाडीत एक पशुवैद्य, एक सहायक आणि चालक असतो. साधारण एक लाख पशुधनामागे एक गाडी असं या योजनेचं सूत्र आहे. ही सोय मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी आहे. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या पर्शियन मांजराचं वार्षिक लसीकरण हे तिचं काम नाही. त्या गाडीच्या वाटेकडे त्याच वेळी एखादी अडलेली म्हैस डोळे लावून बसलेली असू शकते.

फोनवर काय सांगाल?

वय, जात, नर की मादी, नसबंदी झाली की नाही आणि वजन. घरात काटा असेल तर प्राण्याला उचलून स्वतः काट्यावर उभे राहा, मग एकट्याचं वजन घेऊन वजा करा. औषधाचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे 'पंधरा-वीस किलो असेल' हे उत्तर फारसं कामाचं नाही.

आजाराबद्दल सांगताना 'कालपासून बरं नाही'वर थांबू नका. शेवटचं खाल्लं कधी, उलटी किती वेळा आणि कशी, शीचा रंग, लघवी होते की नाही, हे सांगा. घरात उंदीर-झुरळांचं औषध टाकलं असेल तर तेही. आणि कोणती माणसांची गोळी देऊन झाली असेल, तर न लाजता सांगा. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात. डॉक्टर रागावतील या भीतीने ही माहिती लपवली, तर ते त्यावर दुसरं वेदनाशामक देऊन बसतील.

तीन गोष्टी डॉक्टर दारात येण्यापूर्वी त्यांना कळल्याच पाहिजेत:

- चावण्याचा इतिहास. 'आमचा सिंबा कुणाला काही करत नाही' हे वाक्य प्रत्येक पशुवैद्याने ऐकलेलं असतं, आणि बऱ्याच जणांच्या हातावर त्याची खूण असते. एकदाही चावला असेल तर सांगा.
- रेबीजची शंका. स्वभाव एकाएकी बदलला, आवाज बदलला, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, किंवा मागच्या काही महिन्यांत अनोळखी कुत्रं चावलं. 'घशात हाड अडकलं असेल' म्हणून तोंडात हात घालू नका. प्राण्याला खोलीत बंद करा आणि मग फोन करा.
- पार्व्होची शंका. लस न झालेलं पिल्लू, उलट्या, रक्ताचे घाण वासाचे जुलाब. डॉक्टर अशी व्हिजिट दिवसातली शेवटची ठेवतात, कारण हा विषाणू बुटांवरून पुढच्या घरी जातो. फिनाईलने तो भरवशाने मरत नाही. एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी घेऊन फरशी पुसावी लागते.

आदला दिवस

उपाशी ठेवायचं का, याला एकच उत्तर नाही. नुसती लस किंवा तपासणी असेल तर पोटभर नको, पण हलकं खायला द्या. भुकेला प्राणी खाऊच्या लालचीने ऐकतो, हा त्यातला फायदा. रक्ततपासणी किंवा गुंगीचं इंजेक्शन ठरलं असेल तर मोठ्या प्राण्याला साधारण आठ ते बारा तास अन्न बंद ठेवायला सांगतात. पाण्याचं वेगळं विचारून घ्या. लहान पिल्लांना आणि मधुमेही प्राण्यांना स्वतःच्या मनाने उपाशी ठेवू नका. इन्सुलिन चालू असेल तर त्या सकाळी किती द्यायचं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. सशाला तर कधीच उपाशी ठेवायचं नाही. त्याचं आतडं थांबलं तर ते नवंच संकट.

आंघोळ नको. पाहुणे येणार म्हणून मुलांना तयार करतो तसं कुत्र्याला शाम्पू करून, कान कापसाने चकचकीत करून ठेवणारी घरं आहेत. त्यात नेमकं जे पाहायचं ते धुतलं जातं: कोंडा, खपल्या, गोचिडांची विष्ठा, कानातला काळपट मळ. मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध त्या दिवशी लावायचं असेल तर आधीचे दोन दिवस आंघोळ टाळा. आणि कुत्र्यासाठी आणलेलं ते औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर दगावतं.

शीचा नमुना लागणार असेल तर सकाळचा ताजा घ्या. अक्रोडाएवढा पुरे. घट्ट झाकणाच्या स्वच्छ डबीत भरून, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये बाजूला ठेवा. (डबीवर ठळक अक्षरांत लिहा. घरात इतरही माणसं फ्रिज उघडतात.) कुत्र्याची लघवी धरायला लांब दांड्याचा जुना डाव चालतो. तो पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही एवढं बघा.

व्हिडिओ मात्र नक्की काढून ठेवा. रात्री येणारा खोकला, लंगडणं, झटका, झोपेतला श्वास. डॉक्टर समोर आले की भीतीने आणि उत्तेजनेने प्राणी एवढा सावध होतो की दोन दिवस लंगडणारा कुत्रा चारी पायांवर नाचतो आणि तुम्ही खोटे पडता. झोपेतले श्वास मिनिटभर मोजून लिहून ठेवा. कुत्र्यात किंवा मांजरात ते सतत तीसच्या वर जात असतील तर डॉक्टरांना ते महत्त्वाचं आहे. ताप हात लावून कळत नाही. कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून ते आपल्या हाताला कायम गरम लागतात.

फार घाबरणाऱ्या प्राण्यासाठी डॉक्टर आधी द्यायची शांत करणारी गोळी सांगू शकतात. ती त्यांनीच, वजन आणि वय पाहून सांगितलेली हवी. शेजारच्या ब्रूनोची उरलेली नको.

मांजर: खोली आधी, डॉक्टर नंतर

व्हिजिटच्या किमान तासभर आधी मांजराला एका खोलीत ठेवून दार लावा. खोली लहान, माळा नसलेली आणि पलंगाखाली रिकामी जागा नसलेली निवडा. घर तपासताना मांजराच्या उंचीवरून पाहा. दिवाणाच्या मागची फट, वॉशिंग मशीनच्या पाठीमागचा कोपरा, कपाट आणि भिंत यांमधली चार बोटांची जागा, खालून फाटलेला सोफा. या जागा गोधडी, उशा, पुठ्ठे कोंबून बंद करा. एकदा मांजर सोफ्याच्या आतल्या स्प्रिंगांत शिरलं की सोफा उलटा करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. खिडकीला जाळी नसेल तर खिडकी बंद. पंखाही बंद, कारण घाबरलेलं मांजर कपाटावर आणि तिथून कुठेही झेपावतं.

बाथरूम सोपं वाटतं, पण ते निसरडं असतं, आवाज घुमतो आणि डॉक्टरांना बसायला जागा नसते. दुसरा पर्यायच नसेल तर बादल्या आणि ॲसिडच्या बाटल्या बाहेर काढा, फरशी कोरडी करा. फिनाईलने मात्र पुसू नका, मांजरांना ते विषारी असतं.

कॅरियर त्याच खोलीत, दार उघडं ठेवून, आत त्याचं रोजचं पांघरूण टाकून आठवडाभर आधी ठेवा. बरीच मांजरं आपणहून त्यात जाऊन झोपतात. मग त्या दिवशी फक्त झाकण काढायचं. वरचा अर्धा भाग निघणारं कॅरियर असेल तर खालच्या भागात बसल्या बसल्याच अर्धी तपासणी होते.

धरायला जाडसर, मोठा टॉवेल. पद्धत अशी:

१. टॉवेल टेबलावर किंवा वॉशिंग मशीनवर पसरा. खाली रबरी मॅट किंवा ओली करून पिळलेली गोणपाटाची घडी ठेवा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. पाय घसरला की मांजर बिथरतं.
२. मांजराला मध्यावर, तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला करून बसवा.
३. एका बाजूचा टॉवेल मानेखालून घेऊन पुढचे पाय झाकत अंगावर घट्ट आणा, मग दुसरी बाजू. डोकं बाहेर.
४. जो पाय किंवा जो भाग डॉक्टरांना हवा, तेवढाच बाहेर काढा.

मानगूट धरून मांजराला हवेत लोंबकळवणं हा आपल्याकडचा जुना रिवाज. पिल्लाला त्याची आई धरते ते वेगळं. मोठ्या मांजराला त्याने दुखतं आणि ते जास्त चवताळतं. डॉक्टरांचा मदतनीस तसं धरू लागला तर 'टॉवेलने धरूया का?' असं म्हणायला संकोच करू नका.

घरात दोन मांजरं असतील तर दुसऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवा, आणि नंतरही तासभर भेटू देऊ नका. स्पिरिटचा, परक्या हातांचा वास आला की सख्ख्या बहिणीसुद्धा एकमेकींवर फिस्कारतात.

कुत्रा: घर त्याचं आहे, हे विसरू नका

घरी कुत्रा शांत राहील, ही समजूत अर्धीच खरी आहे. भित्रा कुत्रा घरी बरा वागतो. पण राखण करणारा कुत्रा दवाखान्यात निमूट उभा राहतो आणि घरी सिंह होतो, कारण तिथे तो पाहुणा असतो आणि इथे डॉक्टर. ज्या कुत्र्याला कुरिअरवाला खपत नाही, त्याला हातात सुई घेतलेला माणूस खपेल कसा?

म्हणून बेल वाजते तेव्हा कुत्रा दारात नको. त्याला आतल्या खोलीत, पट्टा लावून, घरच्या एका माणसापाशी ठेवा. डॉक्टर बसले, सामान काढून झालं, लस सिरिंजमध्ये भरली, की मगच बाहेर आणा. साखळीपेक्षा छोटा कापडी पट्टा बरा, साखळी हातात सरकते. मोठ्या अंगाच्या, जागा राखणाऱ्या कुत्र्याला खाली पार्किंगमध्ये किंवा जिन्याच्या मोकळ्या जागेत तपासणं अनेकदा सोपं जातं. डॉक्टरांना आधी विचारून तिथेच भेटायचं ठरवा.

मझल म्हणजे शिक्षा नव्हे, पण व्हिजिटच्या दिवशी पहिल्यांदा चढवलेलं मझल कुत्र्याला शिक्षाच वाटतं. आठवडाभर आधी जाळीचं, आत तोंड उघडता येईल असं मझल आणा. आतून दही चोपडा, त्याला आपणहून नाक घालू द्या. दोन दिवसांनी पट्टा क्षणभर लावून लगेच काढा. मग वेळ वाढवा. पग किंवा तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचं तोंड कापडी पट्टीने आवळायचं नाही, त्याचा श्वासच तोंडावर चालतो.

याच आठवड्यात रोज मिनिटभर डॉक्टर-डॉक्टर खेळा. कान उलटून पाहा, पंजे दाबा, ओठ उचलून हिरड्या पाहा, मानेवरची कातडी चिमटीत धरून बॉलपेनचं टोपण टेकवा आणि लगेच चिकनचा तुकडा द्या. इंजेक्शनच्या वेळी तोच तुकडा नाकासमोर धरला की पुष्कळ कुत्र्यांना सुई कळतही नाही.

धरणारा माणूस आधीच ठरवा. तो सर्वांत प्रेमळ नव्हे, सर्वांत स्थिर हवा. 'अगं बाई, किती मोठी सुई!' म्हणणाऱ्या आजींना आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत बसवा. माहितीही एकानेच द्यावी. चौघे चार बाजूंनी चार तारखा सांगू लागले की त्या गोंधळात महत्त्वाचंच राहून जातं.

बाकी जागेची तयारी थोडक्यात: चांगला उजेड किंवा टॉर्च, गुळगुळीत फरशीवर चटई किंवा योगा मॅट, साबण आणि स्वच्छ नॅपकिन, जुनी वर्तमानपत्रं. टीव्ही बंद. सोसायटीच्या गेटवर डॉक्टरांचं नाव आधी कळवा, नाहीतर तुमच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं रखवालदाराच्या वहीत जातात.

ससे आणि पक्षी

सशाला धरताना मागचे पाय आणि पाठ यांना आधार हवा. त्याने हवेत जोरात लाथ मारली तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. पक्ष्यांसाठी खिडक्या आणि पंखा बंद, पिंजऱ्यातला तळाचा कागद तसाच ठेवा, विष्ठेवरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. मात्र सगळेच पशुवैद्य पक्षी पाहत नाहीत, हे फोनवरच विचारा. आणि एक कानगोष्ट: आपला हिरवा देशी पोपट आणि चांदणी कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. लव्हबर्ड आणि बजरीगर यांचं तसं नाही.

लस घरी घेताना

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीतून आलेली कुपी लस म्हणून घेऊ नका. डॉक्टरांच्या हातात आइसबॉक्स आहे का पाहा. लस थेट बर्फाला चिकटून गोठलेलीही नको.

कुपी हातात घेऊन मुदत वाचा. 'सेव्हन-इन-वन', 'नाइन-इन-वन' म्हणतात त्या लसींत एका कुपीत पांढरी कोरडी वडी आणि दुसरीत द्रव असतो. ते तुमच्यासमोर मिसळून लगेच टोचलं पाहिजे. रेबीजची लस तयार द्रवरूपात येते. कुपीवरचा स्टिकर सोलून कार्डावर चिकटवला जातो, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. शेजारी तारीख, सही, शिक्का आणि पुढची तारीख. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. पुढचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

ताप असलेल्या किंवा जुलाब होत असलेल्या प्राण्याला 'आता आलातच तर लस देऊनच टाका' असा आग्रह धरू नका.

टोचल्यावर डॉक्टरांना पंधरा-वीस मिनिटं थांबायची विनंती करा. चहा ठेवायला हीच योग्य वेळ. पहिला दिवसभर सुस्ती, किंचित ताप, टोचल्या जागी लहान गाठ हे चालतं. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा प्राणी कोसळला, तर लगेच फोन करा. गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल तर पूर्ण जाग येईपर्यंत जिना, गॅलरी आणि पाण्याची बादली यांपासून लांब ठेवा. तोवर खायलाही देऊ नका.

कुणाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा. कुत्रा घरचा आहे, लस झालेली आहे, म्हणून तिथे जाणं टाळू नका.

शेवटच्या इंजेक्शनसाठी बोलावताना

हा प्रश्न लोक फोनवर हळू आवाजात विचारतात, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. बरा न होणारा, वेदनेतला प्राणी घरीच, आपल्या माणसांत शांतपणे जावा असं वाटत असेल तर ते शक्य आहे. निर्णय डॉक्टरांच्या तपासणीनंतरच. त्यांनी नकार दिला तर त्यामागे कारण असतं, ते ऐका. तुमची लेखी संमती घेतली जाते.

आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, प्राणी गाढ झोपला की मग शेवटचं. आधीच माहीत असावं: डोळे उघडे राहतात, लघवी होऊ शकते, हृदय थांबल्यावरही एक-दोन श्वासांसारखे झटके येतात. ती वेदना नसते. खाली जुनी चादर आणि प्लास्टिक अंथरा. मुलांना समोर बसवायचं की नाही हे घरात आधी बोलून ठेवा. पैसे आणि कागद आधी उरका, नंतर कुणालाच ते सुचत नाही.

दहनाची चौकशी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात आधी करा. मुंबईत मालाडला महापालिकेने लहान प्राण्यांच्या दहनाची सोय केलेली आहे. गावी शेतात पुरणार असाल तर खड्डा खोल घ्या. त्या औषधाचा अंश देहात राहतो आणि उकरून खाणारी कुत्री किंवा घारी-गिधाडं त्याने मरू शकतात.

पैसे, कागद, तक्रार

दर फोनवरच सुटे सुटे विचारा: येण्याचे किती, तपासणीचे किती, लसीचे आणि औषधांचे वेगळे किती, रात्रीचे आणि रविवारचे जास्त किती. दुसऱ्या प्राण्याला पुन्हा पूर्ण व्हिजिट फी लागते का, हेही. प्राणी हातीच लागला नाही तरी येण्याचे पैसे देणं रास्त आहे, त्यांचा वेळ आणि पेट्रोल गेलेलंच असतं.

निघण्यापूर्वी तुमच्या हातात हे असायला हवं:

- औषधाचं नाव, डोस, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, असं वाचता येणारं प्रिस्क्रिप्शन. अक्षर लागत नसेल तर डॉक्टर समोर असतानाच वाचून दाखवा.
- दिलेल्या इंजेक्शनांची नावं. 'एक तापाचं आणि एक ताकदीचं' हे नाव नव्हे. रात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे धावावं लागलं तर ते पहिला प्रश्न हाच विचारतील.
- पावती.
- प्रयोगशाळेचा रिपोर्ट कधी आणि कुणाकडून येईल, याचं उत्तर.

वापरलेल्या सुया आणि कुप्या डॉक्टरांनी परत न्यायच्या असतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुवैद्यकीय कचऱ्यालाही लागू आहेत. तुमच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात सुई गेली तर ती घंटागाडीवरच्या बाईच्या हातात शिरते. विसरत असतील तर आठवण करा.

तुम्हीही एक पथ्य पाळा. प्रवासासाठी किंवा परवान्यासाठी लागणारं प्रमाणपत्र प्राणी न दाखवता व्हॉट्सअॅपवर मागू नका. प्राणी न तपासता सही करणारे डॉक्टर सोयीचे वाटतात, पण त्यांच्या लसीच्या नोंदींवरही मग विश्वास ठेवता येत नाही.

सोसायटीने पाळीव प्राणी ठेवायला किंवा त्यांना लिफ्टमधून न्यायला सरसकट बंदी घातली असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना सचिवांना दाखवा. सोसायट्यांना अशी बंदी घालता येत नाही, असं त्यांत म्हटलं आहे. डॉक्टरांच्या व्हॅनला पार्किंग मिळणं हा मात्र हक्क नाही, ते गोडीगुलाबीनेच मिळवा.

उपचारात गंभीर हयगय झाली असं वाटलं तर आधी त्याच डॉक्टरांना लेखी विचारा. समाधान झालं नाही तर व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे करता येते, आणि पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. दोन्हीकडे लागतात तेच कागद: प्रिस्क्रिप्शन, पावती, रिपोर्ट, संदेशांच्या प्रती. प्राणी दगावला असेल आणि कारणाबद्दल शंका असेल तर अंत्यविधीआधी शवविच्छेदनाची मागणी करा. मुंबईत परळ, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करता येते. तोवर देह थंड ठेवा, पण गोठवू नका. गोठलेल्या ऊतींवरून तपासणी नीट होत नाही.